आठ इंचांची फळी आणि आमचे दीडशहाणे

खेळाचे चार मास्तर दौंडच्या एसटी स्टँडसमोर चहाला बसले, की पहिल्या कपात बदल्यांच्या गप्पा संपतात आणि दुसऱ्या कपापासून मूर्खपणाच्या सुरू होतात. मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून वीस-बावीस वर्षं पोरांना लांब उडी आणि तिहेरी उडी शिकवली. मेडल किती मिळाली ते विचारू नका. किस्से मात्र पोत्यानं आहेत. बरं, ते गोळा करायला कुठं जावंही लागत नाही. मैदानावर नुसतं उभं राहायचं, लोक आपणहून आणून देतात!

ज्यांना उडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे आमच्याकडचे निम्मे पंच धरून, एवढंच सांगतो. उडी मारणारा लांबून पळत येतो. वाळूच्या खड्ड्याच्या अलीकडे जमिनीत आठ इंच रुंदीची लाकडी फळी बसवलेली असते. तिच्यावर पाय टाकून उडायचं. पाय फळीच्या पुढं गेला की लाल झेंडा, उडी बाद, मग तुम्ही पार खड्ड्याबाहेर जाऊन पडा! उडी मोजतात ती फळीपासून, म्हणून फळीच्या अलीकडूनच उडालात तर तेवढी उडी फुकट गेली. म्हणून ते तीस-पस्तीस मीटरचं पळणं, ज्याला आम्ही रनअप म्हणतो, दर वेळी हुबेहूब तेच व्हावं लागतं. तेवढीच पावलं, तेवढीच लांब. लोकांना वाटतं उडी ताकदीची असते. उडी शिस्तीची असते, आणि शिस्त म्हटली की आमच्याकडं भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्या ज्युनियर कॉलेजात अकरावीला मंगल नावाची पोरगी आली. पाटसच्या पलीकडच्या वाडीवरची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडा ऊस आणि दोन म्हशी. उडी अशी, की बघणाऱ्याच्या तोंडातला घास तोंडात राहावा. आणि दहातल्या सात उड्या फाऊल!

तिला पोलीस व्हायचं होतं. राज्य पातळीचं सर्टिफिकेट असलं तर भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो, हे तिनं स्वतःच कुठून तरी शोधून काढलं होतं. राज्याला जायचं तर विभागात पहिल्या दोघींत यायला पाहिजे. बारावी संपली की शालेय स्पर्धा संपल्या. म्हणजे हातात दोन वर्षं.

"सर, उडी माझ्यापाशी हाय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली. "फकस्त ती फळी मला घावंना."

मग आम्ही दोघांनी दोन वर्षं ती फळी शोधली. वाटेत कोण कोण आडवं आलं ते ऐका.

* * *

पहिले आडवे आले आमचे प्राचार्य.

दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन मी मैदानावर मुरूम टाकून, रोलर फिरवून एक सरळ पट्टी तयार केली होती. सुट्टीनंतर कॉलेजची तपासणी होती. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर काय, पट्टीच्या बरोबर मध्ये एक गुलमोहराचं रोप! भोवती बांबूचा पिंजरा, समोर तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या नावाची पाटी.

"सर, इथून पोरं पळतात," मी म्हणालो.

"मग झाडाच्या बाजूनं पळा की. एवढं मोठं मैदान आहे."

"उडीसाठी सरळ पळावं लागतं, सर."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. "अहो, नोकरीत इतकी वर्षं झाली तुमची. सरळ पळून कुणाचं भलं झालेलं पाहिलंत?"

साहेबांच्या नावाची पाटी, रोप उपटणार कोण? पट्टी बाजूला घ्यावी तर वाळूचा खड्डाही नवा खणावा लागणार. शेवटी मंगल अकराव्या पावलाला डावीकडे झुकून, झाडाला वळसा घालून पुन्हा सरळ व्हायला शिकली. दोन महिन्यांनी आम्ही शिरूरला एका स्पर्धेला गेलो. मैदान स्वच्छ, मध्ये गवताची काडी नाही. मंगल सुटली, आणि अकराव्या पावलाला तिनं कशालाच नाही असा झकास वळसा घातला!

पंच माझ्याकडं वळले. "हिला मध्येच काय दिसतं हो?"

"आमच्या प्राचार्यांची दूरदृष्टी," मी म्हणालो.

पुढं ते रोप शेळ्यांनी खाल्लं. आमच्या कॉलेजात खेळासाठी कुणी काही केलं असेल तर त्या शेळ्यांनी!

* * *

शिरूरकडच्या एका हायस्कूलला धुमाळ सर म्हणून खेळशिक्षक होते. सहा फूट उंच, आवाज असा की पाबळला ओरडले तर यवतला ऐकू जावं. त्यांचं सगळं कोचिंग दोन शब्दांचं होतं: "जोर लाव!" उडी लांब गेली की "बघा, जोर लावला." फाऊल झाली की "जोर कमी पडला."

मी टेपनं रनअप मोजतो याचं त्यांना भारी हसू यायचं. "टेप शिंप्याला लागती, सर. आपल्याला देवानं पाय दिल्यात!" त्यांच्या पाचही पोरांचे रनअप ते स्वतःच्या ढांगांनी मोजायचे. पोरांनी वहीत तसंच लिहून ठेवलेलं: 'फळीपासून धुमाळ सरांची सदतीस पावलं.' म्हणजे पोरं स्पर्धेला निघाली की सरांचे पायही बरोबर न्यावे लागायचे.

एकदा तालुक्याच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी सरांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. दुसऱ्या दिवशी सर लंगडत आले आणि लंगडत लंगडतच त्यांनी सदतीस पावलं मोजली. लंगड्या माणसाची ढांग ती, केवढी पडणार? पाचही पोरं नेहमीपेक्षा पाच-सहा मीटर पुढून सुटली आणि पाचही जण फळी ओलांडून गेले. पंधरा उड्या, पंधरा लाल झेंडे! पंचांनी शेवटी पांढऱ्या झेंड्याची घडी घालून तो खिशात ठेवला.

सरांनी पाचही जणांना ओळीत उभं केलं. "लाज वाटती का? एकाचं तरी पाऊल जाग्यावर पडलं का?"

ओळीतलं सगळ्यात बारकं पोरगं म्हणालं, "सर, तुमचं तरी कुठं पडलं?"

* * *

दुसऱ्याला हसतोय तर माझंही सांगतो. यवतचा पोपट माझ्याकडं तिहेरी उडीला होता. वडिलांचा हायवेला धाबा, पोरगं दांडगं, डोकं मात्र चुलीवर ठेवून आलेलं. मी प्रत्येकाला एक खिळा आणि लाल चिंधी देत असे. निघायची जागा मोजायची, तिथं पट्टीच्या कडेला खिळा ठोकायचा, चिंधी बांधायची. दर वेळी तिथूनच निघायचं.

एका स्पर्धेत पोपटनं खिळा हरवला. मला सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. पट्टीच्या कडेला, बरोबर त्याच्या जागेशेजारी, मुख्य पंच लिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. वजनदार गृहस्थ, बसले की उठायचं नाव नाही. पोपटनं ठरवलं, खुर्चीच्या मागच्या पायापासून निघायचं.

पहिली उडी सुरेख! पांढरा झेंडा. पण ऊन चढलं तशी लिंबाची सावली सरकली, आणि सावलीबरोबर साहेब बसल्या बसल्या खुर्ची ढकलत खड्ड्याच्या दिशेनं सरकले. दुसरी उडी वीतभर फाऊल. साहेब आणखी सरकले. तिसरी हातभर फाऊल!

साहेबांना दया आली. "पोरा, पहिली एवढी चांगली मारलीस. मग बिघडलं कुठं?"

पोपट रडकुंडीला आला होता. "सायेब, तुमी एका जागी बसा की वो!"

यात मूर्ख पोपट की पंच, यावर आमच्या चहाच्या टेबलावर अजून वाद आहे. खरं सांगायचं तर मूर्ख मी. त्याच्या निघायच्या जागेकडं मी त्या दिवशी एकदाही बघितलं नव्हतं.

* * *

एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला खुल्या स्पर्धा होत्या. गाव सांगत नाही, उगाच त्यांची शोभा व्हायची. मंगलची एक उडी सगळ्यांच्या पुढं दोन हात गेली आणि फाऊल झाली. उरलेल्या दोन्ही उड्याही फाऊल. म्हणजे मंगल बाद. बक्षीस समारंभात पुढाऱ्यानं माईक हातात घेतला.

"मी सोता बघितलंय. समद्यात लांब ही पोरगी गेली. पयला नंबर हिचा!"

पंच कानाशी लागून म्हणाले, "साहेब, तिला लाल झेंडा होता."

"आरं, झेंड्याचं मला नको शिकवू! तीस वर्षं झेंडंच बदलतोय मी."

टाळ्या! मंगलच्या हातात स्टीलची कळशी. जिनं नियमानं पहिला नंबर काढला, त्या पोरीला उत्तेजनार्थ साबणदाणी. मंगलनं स्टेजवरून उतरून ती कळशी सरळ त्या पोरीच्या हातात दिली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. चेहरा पार उतरलेला.

"सर, अशी बक्षिसं मिळाया लागली, तर फळी मला जन्मात घावायची न्हाई."

अकरावीचं वर्ष असंच गेलं. विभागात तिच्या तिन्ही उड्या फाऊल झाल्या. परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली होती.

* * *

मग आम्हाला एक तज्ज्ञ भेटले. शिरूरला दोन दिवसांचं शिबिर होतं. पांढरे बूट, पांढरी टोपी, गळ्यात व्हिडिओ कॅमेरा. बोलताना 'बायोमेकॅनिक्स' हा शब्द दर वाक्याला, मीठ पडावं तसा. कॅमेरा बघून धुमाळ सरसुद्धा वही उघडून बसले होते.

तज्ज्ञांनी मंगलच्या अकरा उड्यांचं शूटिंग केलं. संध्याकाळी हॉलमध्ये टीव्ही लावला. आम्ही सगळे वह्या-पेनं घेऊन पुढं. टीव्हीवर काय? वाळूचा खड्डा. त्यात मंगल येऊन पडते. पुन्हा खड्डा, पुन्हा मंगल पडते. अकरा वेळा! साहेब खड्ड्याशेजारी उभे राहिले होते, त्यामुळं पळत येणारी मंगल एकदाही दिसली नाही.

तज्ज्ञांनी काडीनं टीव्हीवर टकटक केलं. "फाऊल का झाला? कारण पाय फळीच्या पुढे पडला."

सगळ्यांनी लिहून घेतलं. मी हात वर केला. "पाय पुढं का पडला?"

"रनअप चुकला म्हणून."

"रनअप का चुकला?"

तज्ज्ञांनी माझ्याकडं अत्यंत दयेनं बघितलं. "ते तुम्ही कोच लोकांनी बघायचं असतं!"

शाल, श्रीफळ, टाळ्या. धुमाळ सर बाहेर आल्यावर म्हणाले, "माणूस हुशार आहे. पण जोराचं काही बोलला नाही."

* * *

बारावीच्या वर्षी, पावसाळा सरता सरता, मंगलचे आबा म्हणजे आजोबा दौंडला डोळे दाखवायला आले होते. दवाखान्यात गर्दी, म्हणून नंबर लागेपर्यंत नातीकडं मैदानावर येऊन बसले. डोक्याला मुंडासं, हातात काठी. तासभर रोलरवर बसून बघत होते. मी नेहमीप्रमाणं फळीपाशी उकिडवा, नजर फळीवर. मंगल येत होती, कधी चार बोटं पुढं, कधी वीतभर मागं, आणि मी ओरडत होतो, "शेवटचं पाऊल आखूड! शेवटचं लांब!"

आबा उठून माझ्याजवळ आले. "मास्तर, एक बोलू का? राग नगा मानू."

"बोला, आबा."

"तुमी हितं बसून काय बघताय?"

"ती चुकते कुठं ते बघतोय."

"हितं चुकत न्हाई ती. हितं चुकल्यालं दिसतंय," आबा म्हणाले. त्यांनी काठी पार लांब, मंगल उभी होती तिकडं केली. "चुकती तिकडं. कवा जागंवरनं सुटती, कवा आदी दोन पावलं चालती आन् मग पळती. कुनी बघत आसलं की चालतीच. मेंढरू वाड्यातनं वाकडं निघालं तर म्होरं रस्त्याला येऊन आरडून काय उपेग?"

मी तिकडं जाऊन उभा राहिलो. मंगलला दहा वेळा पळवलं. म्हातारा शंभर टक्के खरं बोलत होता! मोतीबिंदू झालेल्या माणसाला तासाभरात दिसलं ते मला सव्वा वर्षात दिसलं नव्हतं. सर्टिफिकेटं असलेला कोच मी! त्या दिवशी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी नोकरीत कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी फळीवर पोतं टाकलं. पुढचा महिना उडी बंद. फक्त उभं कसं राहायचं, पहिली चार पावलं कशी टाकायची. रोज तेच, रोज पन्नास वेळा. तिसऱ्या आठवड्यात मंगल कंटाळून रडली. धुमाळ सर एकदा मुद्दाम बघायला आले आणि पोट धरून हसले. "उडी न मारता उडी शिकवताय? पेपरात द्या, सर!" पोतं काढलं तेव्हा मंगल दहातल्या आठ वेळा फळीवर येत होती.

* * *

आता शेवटचा. हा मी चहाच्या टेबलावरही शेवटीच सांगतो, कारण यानंतर कुणाला दुसरा सांगावासा वाटत नाही.

विभागीय स्पर्धा. मंगलची शेवटची. वेळ कमी म्हणून प्रत्येकीला तीनच उड्या. पहिल्या उडीला मागून वारा सुटला आणि मंगल दोन बोटं पुढं गेली. लाल झेंडा. मी घाबरून तिचा खिळा फूटभर मागं घेतला, तर दुसऱ्या उडीला वारा पडला आणि ती फळीच्या अलीकडूनच उडाली. पांढरा झेंडा, पण नंबर पाचवा. राज्याला दोघीच जाणार. मी पुन्हा खिळ्याकडं निघालो तशी ती म्हणाली, "सर, जुन्या जागंवर ठोका आन् आता हात लावू नगा."

तिसरी उडी. मंगल उभी राहिली. न चालता, जागेवरून सुटली. माझी नजर तिच्या पहिल्या चार पावलांवर, आणि चौथ्या पावलालाच मला कळलं. फळीचा 'धप्प' असा भरीव आवाज आला. पांढरा झेंडा! वाळूत टाचांची खूण अशी उमटली होती, की पुसटशीसुद्धा शंका नको. पहिल्या दोघींत नक्की. मी आनंदानं शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

मिठी सोडून बघतो, तर खड्ड्यावर धुमाळ सर. विभागानं त्या दिवशी त्यांना वाळू सारखी करायची ड्यूटी दिली होती. सरांच्या अंगात उत्साह फार. मंगल खड्ड्यातून बाहेर पडली न पडली तोच त्यांनी फावडं घेऊन, जोर लावून, वाळू आरशासारखी सपाट केली!

टेपचं टोक धरून पंच गुडघ्यावर बसले होते. "खूण कुठाय?"

"साफ केली की!" धुमाळ सर अभिमानानं म्हणाले.

"अहो, मोजायची होती!"

सरांच्या हातातून फावडं गळालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज बसला.

मग तीन पंचांचं संमेलन भरलं. एक म्हणाले, "उडी बाद धरा." दुसरे म्हणाले, "अंदाजे काहीतरी लिहून टाकू, पोरीचं नुकसान नको." तिसऱ्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं, पण चष्मा घरी राहिला होता! मी टेबलावर हात आपटून ओरडत होतो. एवढी उडी पोरीला पुन्हा कुठून येणार? दोन वर्षांची मेहनत या माणसानं दोन फावड्यांत पुसली! शेवटी पुस्तकात सापडलं: परत उडी द्यायची. मला ते मान्य नव्हतं. मी लेखी तक्रारीसाठी कागद मागत होतो.

मंगलनं माझी बाही ओढली. "सर, भांडत नगा बसू. माजं अंग गार पडतंय."

आणि ती चालत जाऊन खिळ्यापाशी उभी राहिली.

सुटली. चार पावलं. मी पुढचं बघितलंच नाही, डोळे मिटून घेतले. फळीचा आवाज ऐकला. डोळे उघडले तेव्हा पांढरा झेंडा वर होता आणि धुमाळ सर दोन्ही हात पसरून वाळूतल्या खुणेपुढं उभे होते. पंचांनासुद्धा जवळ येऊ देईनात! टेप ताणली. दोनदा मोजली. दुसरा नंबर. मंगल राज्याला गेली!

मुख्य पंच भले गृहस्थ होते. त्यांचं मन त्यांना खात असावं. खड्ड्याच्या काठावर बसून मंगल बुटातली वाळू झटकत होती, तिच्याजवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "पोरी, खरं सांग. मघाची याच्यापेक्षा लांब होती का गं?"

मंगलनं मानही वर केली नाही.

"तीच व्हती, सर. मघाशी तुमची मोजायची ऱ्हायली व्हती, येवढंच."